पंचाहत्तर ग्रॅम, वायर सोडून

मुद्दा १७. नमुन्यात काही बदल केला आहे का? होय / नाही
(होय असल्यास कारण दोन ओळींत लिहावे. बदल केलेला नमुना बाद समजला जाईल.)

होय.

साहेब, तुमच्या दोन ओळी तिथंच संपल्या. पहिलीत "दुकानमालकांच्या वडिलांनी माऊसच्या पोटात" एवढं बसलं आणि दुसरीत "सात ग्रॅम शिसं भरलं." एवढंच वाचलं तर कुणीही पत्रक टोपलीत टाकेल. मीही टाकलं असतं. म्हणून ही जादा पानं टाचली आहेत. तुमच्या पत्रकात जादा पानांची सोय नाही, पण जोडू नयेत असंही कुठं लिहिलेलं नाही. मी तीनदा वाचून खात्री केली.

मूल्यमापन करणाऱ्याचे नाव: अंबिका मायाप्पा, मूळ गाव कमठाणा, सध्या भालकी.

अनुभव: हा रकाना मी आधी मोकळा सोडला होता. आता भरते. बसस्टँडसमोरच्या सहा कॉम्प्युटरच्या नेट कॅफेत मी चार वर्षं कामाला आहे. चार वर्षं मी अर्ज भरते. हॉल तिकिटाचे, उताऱ्याचे, शिक्षक भरतीचे, साखर कारखान्यातल्या जागांचे. फोटो लहान करून देते, सही मोठी करून देते. सगळे अर्ज दुसऱ्यांचे. दुपारी गिऱ्हाईक नसलं की सहा नंबरवर बसून नेमबाजीचा गेम खेळते. बिदरच्या इंजिनीअरिंगच्या पोरांना माझ्याशी खेळताना आधी हसू येतं, मग येत नाही.

तुमच्या माऊस कंपनीचं पत्र आलं तेव्हा आमचे मालक श्रीहर्ष म्हणाले, "तूच खेळतीस, तूच भर. मला त्यातलं काय कळतंय?" आणि पत्र माझ्याकडं सरकवलं. पाच गावांतल्या पाच कॅफेंना एकेक माऊस. ज्याचं पत्रक सगळ्यात उपयोगी, त्याला पुण्याच्या तपासणी विभागात नोकरीसाठी बोलावणं. नमुना आणि पत्रक एकोणतीस डिसेंबरला कुरिअरमध्ये पडलं पाहिजे.

हा माझा पहिला स्वतःचा अर्ज, साहेब. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. निदान एका माणसाला.

मुद्दा ३. पकड: चांगली. माझा हात लहान आहे तरी बोटं पुरतात.

मुद्दा ६. बटणं: डावं बटण उजव्यापेक्षा थोडं कडक. चार दिवसांत सुटलं.

मुद्दा ८. चाक: ठीक. (एक माणूस शेजारी उभा राहून "मॅडम, जातीचा दाखला निघतो का इथं?" असं विचारत असताना तपासलं. निघत नाही. तहसीलला जा.)

मुद्दा ४. वजन:

इथंच गाडी अडली.

श्रीहर्षचे वडील गुंडेरावअप्पा. वजनमापं खात्यात एकतीस वर्षं निरीक्षक. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी भालकीच्या बाजारात ते दिसले की दुकानदार आधी काट्यावरचा हात काढतात आणि मग नमस्कार करतात. निरोपाच्या दिवशी ऑफिसच्या लोकांनी त्यांना दोन पारड्यांचा पितळी काटा भेट दिला. सोबत लाकडी डब्यात वजनं, अर्ध्या ग्रॅमपर्यंत. देवघरात देव आणि हा काटा यांच्यामध्ये एक हाताचं अंतर आहे, असं श्रीहर्ष सांगतात. अप्पा रोज सकाळी दहाला कॅफेत येतात, पंख्याखालच्या खुर्चीत बसून पेपर वाचतात. त्या दिवशी त्यांचा पेपर लवकर संपला.

"काय आलंय गं पेटीतून?"

"माऊस आलाय अप्पा. तपासायला."

मी फक्त "माऊस आलाय" म्हणायला हवं होतं. "तपासायला" या शब्दाला त्यांनी चष्मा लावला.

"पेटीवर वजन लिहिलंय की. पंचाहत्तर ग्रॅम, वायर सोडून. तपासलीस का?"

"ते कंपनीनं लिहिलंय अप्पा."

"कंपनीनं लिहिलंय म्हणूनच विचारायलोय."

ते घरी गेले आणि काटा घेऊन आले. रिक्षातून, मांडीवर ठेवून. चार नंबरवरच्या पोराला उठवून टेबल मोकळं केलं. आधी वायरसकट ठेवला. पारडं धाडकन खाली. मग त्यांनी पेटी पुन्हा वाचली, "वायर सोडून" या शब्दांखाली नखानं रेघ ओढली आणि वायर वरच्या खिळ्याला अडकवली. ताणली नाही. ताणली तर माप चुकतं हे त्यांना माहीत होतं. वायर सैल, कमानीसारखी, माऊस एकटा पारड्यात. वजनं घातली, काढली, पुन्हा घातली.

"अडुसष्ट."

"बरं."

"बरं काय? सात ग्रॅम कमी भरायलाय!"

"कमी असलं तर चांगलंच की अप्पा. हलका म्हणूनच विकायलेत."

"हलका म्हणून विकावा की! न्हाई कोण म्हणतंय? पण लिहायचं पंचाहत्तर आणि द्यायचं अडुसष्ट? सोनारानं दिलं तर घेशील?"

"हे सोनं न्हाई."

"माप सगळ्याला एकच असतंय. तुझ्या कागदावर लिही, सात ग्रॅम तूट."

मी लिहिलं नाही. त्यांना वाटलं, कंपनीला भिऊन लिहिलं नाही. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जसं ते एखाद्या नव्या कारकुनाकडं पाहत असतील. साहेब, मला तेव्हा दुसराच प्रश्न सतावत होता.

मुद्दा ११. प्रत्यक्ष वापर:

माऊस सरळ चालतो. उजवीकडं चालतो. डावीकडं झपकन नेला की शेवटी हिसका बसतो आणि नेम हुकतो. नेहमी नाही. पन्नास निशाण्यांत एकतीस लागले. आमच्या जुन्या मळक्या माऊसवर माझे चाळीस लागतात. म्हणजे नवा, हलका, पुण्याहून आलेला माऊस जुन्यापेक्षा वाईट? की माझाच हात वाईट? तीन दिवस मी हेच करत होते. पॅड बदललं. टेबल बदललं. खुर्चीखाली पुठ्ठा घातला. एकतीस, तेहतीस, एकोणतीस. वायरवर संशय होता, पण तुमच्या पत्रकात वायरला एकच प्रश्न आहे.

मुद्दा ९. वायर: लांबी पुरेशी आहे का? होय / नाही.

होय! लांबी पुरेशी आहे! लांबीचं कुणी विचारलंय!

(हे खोडणार होते. राहू दे.)

मग येळवस आली. तुमच्याकडं हा सण नसेल. मार्गशीर्षाच्या अमावास्येला आमच्या भागातलं अख्खं गाव शेतात जेवायला जातं. बाजार बंद, बस रिकाम्या, कुत्रीसुद्धा शेतात. मी दोन दिवस कमठाण्याला गेले. शटरची किल्ली श्रीहर्षकडं दिली. माऊस पेटीत, पेटी कपाटात, कपाटाला कुलूप नाही. ही माझी चूक आणि ती मी मान्य करते.

परत आले तर माऊस टेबलावर, पिवळ्या रुमालावर ठेवलेला. शेजारी गुंडेरावअप्पा. त्यांच्या शेजारी हावगेप्पा.

हावगेप्पा काटे दुरुस्त करतो. मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, त्याचं खोपटं आहे. लोखंडी मापं झिजून हलकी झाली की तो त्यांच्या बुडाच्या भोकात शिसं ठोकून ती बरोबर करून देतो. म्हणजे तूट दिसली की शिसं, हा त्याचा पिढीजात इलाज. अप्पांनी एकतीस वर्षं ज्याच्याकडून मापं पुरी करून घेतली, त्याच्याकडंच माऊस नेला होता.

मी माऊस उचलला. हात खाली गेला.

"अप्पा. हे काय?"

"बस आधी. पाणी पी."

"हे जड कामून लागायलंय?"

"जड न्हाई. पुरं झालंय." अप्पांचा चेहरा उजळला होता. "अडुसष्टला सात. आता पेटीवर लिहिलंय तसं. तुझ्या परीक्षेला खोट्या मापाचा माल कशाला?"

हावगेप्पानं माऊस उलटा करून दाखवला. बुडाला एक रुपयाएवढं गोल भोक पाडून, आत शिसं बसवून, वरून एम-सील लावून, घासून गुळगुळीत केलं होतं. कडेला बारीक अक्षरात त्याची खूण.

"अक्का, काम एकदम चोख हाय. हलवून बघा. आवाज येतो का? न्हाई येत. तापवून नक्को म्हटलो मी, प्लास्टिक हाय, थंडच ठोकलो."

"पडताळणीचा शिक्का मी मारला नाही," अप्पा म्हणाले. "तो अधिकार आता मला नाही."

एवढाच नियम त्यांनी पाळला होता.

साहेब, मी मोठ्यांना उलट बोलत नाही. त्या दिवशी बोलले. म्हणाले, "अप्पा, तुम्हाला कुणी सांगितलं होतं? कुणी? हा माल जसा आला तसा परत द्यायचा होता. कागदावर लिहिलंय, बदल केला तर बाद. बाद म्हणजे मी बाद! माऊस न्हाई, मी! चार वर्षांनी एक कागद माझ्या नावाचा आला आणि त्याला तुम्ही भोक पाडून ठेवलात!"

एक नंबरवरचा माणूस म्हणाला, "मॅडम, प्रिंट निघंना गेलीय." मी म्हटलं, "कागद घाल की त्यात!" तो उठून गेला. तो परत आलेला नाही.

अप्पांनी चष्मा काढला, पुसला, लावला. "पण तूट होती की गं," एवढंच म्हणाले.

मी सहा नंबरवर जाऊन बसले. माऊस लावला. काही तपासायला नाही, नुसत्या रागानं. राग आला की मी तेच करते. पन्नास निशाणे. डावीकडं झपकन, उजवीकडं, डावीकडं.

त्रेचाळीस.

पुन्हा खेळले. बेचाळीस. हिसका नाही. कुठंच नाही. जड माऊस, पोटात शिसं, आणि नेम सरळ.

तेव्हा मला आमच्या कमठाण्याच्या वाड्यावरची मेंढरं आठवली. वाडा म्हणजे काट्यांचं कुंपण, घर नव्हे. माझे वडील कोकराला कधी जाड दाव्यानं बांधत नाहीत. एडक्याच्या गळ्यात कितीही जाड दोर घाला, त्याला पत्ता नसतो. तो दोर ओढत फिरतो. त्याच दोराला कोकरू बांधलं तर दोरच कोकराला फिरवतो. दोर तोच. दोष दोराचा आहे हे कोकरू बांधल्याशिवाय कळत नाही.

मी माऊसची वायर हातात धरली. जाड, विणलेली, पेटीतल्या घडीनं वाकडी झालेली. सोडली की आपोआप कमान करून उभी राहते. टेबलावर ठेवला तर माऊसचं नाक जरासं उचलते.

उचलते.

"अप्पा," मी म्हटलं, "काटा घरी हाय का?"

"कशाला?"

"आणा. आणि हावगेप्पा, हे शिसं काढा. वरची पट्टी खोला. आत वायरची पिन असंल, ती पण काढा."

"आत्ताच बसवलो की अक्का!"

"काढा म्हटलं न्हवं!"

त्यानं काढलं. एम-सील पुरतं वाळलं नव्हतं, हे एक नशीब. खवल्यासारखं निघालेलं सगळं मी कागदावर गोळा केलं आणि माऊसबरोबर पारड्यात ठेवलं नाही. पण भोक पाडताना निघालेली प्लास्टिकची चकती हावगेप्पानं खिशात जपली होती, ती ठेवली. वायर बाजूला. आता खरोखरीच वायर सोडून. दुसऱ्या पारड्यात पन्नास, वीस, पाच.

काटा मधोमध.

अप्पांनी टिचकी मारली. मधोमध. त्यांनी पारडी अदलाबदल केली, म्हणजे काट्यात खोट असली तर उघडी पडावी. मधोमध. त्यांनी पंखा बंद करायला लावला. सगळं कॅफे घामाघूम आणि काटा मधोमध.

"पंचाहत्तर," मी म्हटलं. "तूट नव्हतीच अप्पा. तुम्ही वायर खिळ्याला अडकवली, तेव्हा ती सात ग्रॅम उचलून धरायली होती."

"मी ताणली नव्हती."

"व्हय. तुम्ही न्हाई ताणली. ती आपणहून उचलतीय. तेच म्हणायलेय मी."

अप्पांनी पारड्यातली वजनं एकेक करून डब्यात परत ठेवली. मग हावगेप्पाला म्हणाले, "निर्णा गावच्या त्या दुकानदाराचा काटा आपण जप्त केला होता. त्याची साखळी कडक होती का रे?"

"सायेब, बारा वर्सं झाली."

"मी साखळी बघितली नव्हती," अप्पा म्हणाले.

मला त्यांची दया यायला हवी होती. आली नाही. एकोणतीस तारखेला दोनच दिवस उरले होते.

आता या पत्रकाची अडचण बघा, साहेब. हावगेप्पा म्हणाला, "अक्का, भोकावर तीच चकती बसवतो, काळा रंग मारतो, पुण्याच्या बापालाबी कळंना." श्रीहर्ष संध्याकाळी आले, सगळं ऐकलं, वडिलांकडं पाहून कपाळाला हात लावला आणि म्हणाले, "नाही वर टिक कर आणि मोकळी हो. रंग मारून घे."

मी "नाही" वर पेन टेकवलं होतं. बारीक ठिपका आहे, बघा.

पण "नाही" लिहिलं तर सात ग्रॅम कुठं लिहू? माऊस उघडल्याशिवाय, वायर काढल्याशिवाय ते माप निघत नाही. आणि उघडणं म्हणजे बदल. शिसं भरलं नसतं तर त्रेचाळीस कुठून आले असते? खरं लिहिलं तर मी बाद. खोटं लिहिलं तर पत्रकात उरतं काय? पकड चांगली, चाक ठीक, लांबी पुरेशी. असं पत्रक बाकीचे चौघेही पाठवतील.

दुसऱ्या दिवशी मी वायर पुन्हा आत जोडून घेतली, कोथिंबिरीच्या जुडीचं रबर ट्यूबलाईटच्या खिळ्याला बांधलं आणि ती त्यात अधांतरी लटकवली. शिसं नाही, वायरची ओढ नाही. पन्नासात सत्तेचाळीस. दहा वेळा खेळले. एकदाही पंचेचाळीसच्या खाली नाही. गेल्या चार वर्षांत मी असा माऊस हातात धरलेला नाही.

तेवढ्यात गुंडेरावअप्पा आले. पेपर उचलला नाही. आखलेल्या कागदाचे दोन ताव काढले आणि चार नंबरवर बसून तासभर लिहीत राहिले. मी म्हटलं, "अप्पा, आता काय?"

"पंचनामा."

"कुणाचा?"

"माझा."

एकतीस वर्षांत त्यांनी दुसऱ्यांचे शेकडो लिहिले असतील. हा त्यांना जमत नव्हता, दोनदा फाडला. सोबत जोडला आहे. "मी, खाली सही करणार, समक्ष हजर राहून लिहून देतो की सदर मालाचे वजन घेताना वायरीचा ताठपणा विचारात घेतला नाही, ही माझी चूक" इथून सुरू होतो. पंच म्हणून हावगेप्पा आणि प्रिंट काढायला आलेला एक अनोळखी माणूस यांच्या सह्या आहेत. शिसंही पुडीत घातलंय, वर वजन लिहून. ही पुडी पाठवायची गरज नाही असं मी सांगून पाहिलं. "मुद्देमाल आहे," म्हणाले.

मग मी "होय" वर खूण केली.

हे शेवटचं कुरिअरच्या काउंटरवर उभी राहून लिहिते आहे, म्हणून अक्षर वाकडं. उदगीर-लातूरवरून पुण्याला जाणारी गाडी बाहेर उभी आहे, इंजिन चालू आहे. पाकीट अजून उघडं. काउंटरवरच्या पोरीनं ते काट्यावर ठेवलं: चारशे साठ ग्रॅम.

अप्पा सोबत आले आहेत. नको म्हटलं तरी आले. त्यांनी काट्याची उजवी बाजू बघितली. डावी बघितली. वाकून खालून बघितली. शिक्का नाही. पाकीट उचललं तरी काटा चाळीस ग्रॅम दाखवतो आहे. ते मलाही दिसतंय.

त्यांनी तोंड उघडलं.

बाहेर ड्रायव्हरनं हॉर्न दिला. मी पेन थांबवून अप्पांकडं पाहिलं. अप्पांनी काट्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि दोन्ही हात पाठीमागं घेतले.

"आटप गं," म्हणाले. "गाडी निघाली."

मुद्दा १८. एकूण शेरा: (एका ओळीत)

वायर मऊ करा. वजनाला हात लावू नका.